जामठ्यावर सामना असतो त्या दिवशी वर्धा मार्गावर राहणाऱ्यांनी काय करावे?

वर्धामार्गी (धागाकर्ता)

नमस्कार. मी गेली चौदा वर्षे नागपूरच्या चिंचभवन परिसरात राहतो आणि रस्तेबांधणीच्या कामातून निवृत्त झालो आहे. क्रिकेटचा मला तिटकारा नाही. १२ मार्च २०११ रोजी विश्वचषकातील भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका सामन्यात सचिनने ९९वे आंतरराष्ट्रीय शतक झळकावले, तेव्हा मी जामठ्याच्या मैदानात होतो. आपण तो सामना तीन गडी राखून हरलो, याचे दुःख त्या रात्री मला घरी पोहोचेपर्यंत जाणवले नाही, कारण सगळे लक्ष रस्त्याकडेच लागले होते.

मोठा सामना शहराला मिळाला की हॉटेले भरतात, टॅक्सीवाल्यांना काम मिळते आणि वृत्तपत्रांत नागपूरचे नाव चार दिवस झळकते. हे सारे मला मान्य आहे. माझा मुद्दा मैदानाच्या जागेविषयी आहे. २००८ साली विदर्भ क्रिकेट संघटनेचे नवे मैदान जामठ्याला सुरू झाले, तेव्हा सिव्हिल लाइन्समधील जुन्या मैदानाभोवतीची कोंडी संपली असे आपण सर्वांनी मानले. प्रत्यक्षात तिने फक्त जागा बदलली. जामठ्याला जायचे तर वर्धा मार्गाखेरीज सोयीचा दुसरा रस्ता नाही, आणि हा वर्धा मार्ग म्हणजे श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आहे. विमानतळ, मिहान (विमानतळालगतचा औद्योगिक प्रकल्प), एम्स, राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि बुटीबोरीची औद्योगिक वसाहत या सगळ्यांची वाहतूक याच पट्ट्यातून जाते.

सामन्याला जाणारी गर्दी आणि सामन्यातून परतणारी गर्दी यांत मोठा फरक असतो आणि नियोजनात नेमका तोच विसरला जातो. जाताना लोक तीन-चार तासांत विखरून जातात. कोणी सकाळी अकराला निघतो, कोणी नाणेफेकीनंतर पोहोचतो. परतताना मात्र शेवटचा चेंडू पडल्यावर अर्ध्या तासात सगळे एकदम बाहेर येतात. मैदानाची क्षमता सुमारे ४५,००० आहे. त्यांतील १५,००० लोक एका गाडीत तिघे या हिशेबाने मोटारींतून आले असे धरले, तर मोटारी होतात ५,०००. कोंडीत एका मोटारीला पुढची-मागची जागा धरून साडेसहा मीटर लागतात. म्हणजे एकेरी रांग लावली तर ती जवळजवळ साडेबत्तीस किलोमीटरची होईल. जामठ्यापासून शहराच्या मध्यातील झिरो माइलपर्यंत जाऊन ती परत जामठ्याच्या आसपास येईल, आणि यात दुचाकींचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

या मार्गावर राहणाऱ्यांचे, नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्यांचे आणि मैदानाच्या आसपासच्या गावकऱ्यांचे अनुभव कृपया लिहावेत. पुढच्या सामन्याआधी एक निवेदन द्यावे असा माझा विचार आहे, पण ते केवळ तक्रारवजा नसावे.

सदरकर

काका, धागा उत्तम आहे. जुन्या मैदानाविषयी थोडे लिहितो, कारण त्या काळाच्या आठवणी आता फार गुलाबी रंगवल्या जातात.

आमचे घर सदरमध्ये होते. सामन्याच्या दिवशी गड्डीगोदामपासून लोक पायी येत असत आणि आमच्या फाटकाला किमान वीस सायकली टेकलेल्या असत. आई त्यांना पाणीही देत असे आणि रागेही भरत असे. कोंडी होत होती, परंतु तिला अनेक तोंडे होती. सीताबर्डीकडे, सदरकडे, काटोल मार्गाकडे गर्दी फुटून जाई आणि तासाभरात ओसरे. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धची शेवटची कसोटी तेथे झाली आणि ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धचा एकदिवसीय सामना. त्यानंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट आमच्या गल्लीतून गेले.

तरीही ते मैदान तसेच राहायला हवे होते असे मी म्हणणार नाही. २६ नोव्हेंबर १९९५ रोजी न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यात तेथील भिंत कोसळून प्रेक्षकांचा बळी गेला. शतक ठोकले गेले, सामना पूर्ण झाला, आणि बाहेर लोक आपल्या माणसांना शोधत होते. त्या संध्याकाळी माझे वडील दोन तास उशिरा घरी आले. ते दोन तास मला अजून आठवतात. दाट वस्तीत एवढी गर्दी कोंबण्याचा धोका त्या दिवशी दिसला होता.

फक्त योगायोगाची गंमत पाहा. शहरात मेट्रो आली ती मैदान गेल्यानंतर. आज झिरो माइल आणि कस्तुरचंद पार्क ही दोन्ही स्थानके जुन्या मैदानापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि नवे मैदान जिथे आहे त्याच्या पाच-सहा किलोमीटर अलीकडे खापरीला मेट्रो संपते.

तर्रीबाज

क्षमस्व, पण मला हा सगळा सूर जरा रडका वाटतो. वर्षातून एखाददुसरा आंतरराष्ट्रीय सामना नागपूरला मिळतो, कधी तोही मिळत नाही. एका रात्रीच्या गैरसोयीसाठी इतका ऊहापोह करावा का? गणेश विसर्जनाला रस्ते बंद होतात, नेत्यांच्या दौऱ्याला बंद होतात, तेव्हा आपण निमूट दुसऱ्या रस्त्याने जातोच.

वर्धामार्गी

तर्रीबाज, आपला आक्षेप रास्त आहे. अडचण एवढीच आहे की विसर्जनाच्या दिवशी दुसरा रस्ता असतो. चिंचभवन ते जामठा या टप्प्यात तो नाही. हिंगणा किंवा बाहेरील वळणमार्गाने जायचे तर शहराला वळसा पडतो, आणि सामन्याच्या दिवशी जड वाहनेही तिकडेच वळवली जातात.

पाळी_दुसरी

मी बुटीबोरीतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. माझी पाळी दुपारी ३ ते रात्री ११ असते. कंपनीची बस आम्हाला नागपुरातून नेते आणि परत आणून सोडते.

एकदिवसीय सामना दुपारी दीडला सुरू होतो. म्हणजे आमची बस निघते तेव्हा प्रेक्षकांच्या शेवटच्या लोंढ्याबरोबर आम्ही रस्त्यावर असतो. टी-२० सायंकाळी सातला सुरू होऊन पावणेअकराच्या सुमारास संपतो, आणि आम्ही अकराला सुटतो. दोन्ही प्रकारांत आमचा आणि सामन्याचा मुहूर्त अचूक जुळतो. २३ सप्टेंबर २०२२ रोजी ओल्या मैदानामुळे भारत-ऑस्ट्रेलिया सामना उशिरा सुरू झाला आणि आठ-आठ षटकांचाच खेळवला गेला. टीव्हीवर पाहणाऱ्यांना तो झटपट संपलेला वाटला असेल. आमच्यासाठी मात्र त्याचा अर्थ एवढाच होता, की गर्दी नेमकी आमच्या सुटण्याच्या वेळेला रस्त्यावर आली.

दुपारी उशीर झाला तर हजेरीत उशीर लागतो. महिन्यात तीन उशीर झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो. सामना आहे हे वरिष्ठांना ठाऊक असते, तेही तो मोबाइलवर पाहत असतात, पण हजेरीच्या यंत्राला ते ठाऊक नसते. तर्रीबाज दादा, एका रात्रीची गैरसोय आम्ही सोसू, आमचे म्हणणे फक्त इतकेच आहे की आम्हाला कोणीतरी आधी विचारावे. वाहतूक वळवल्याची सूचना आम्हाला सामन्याच्या आदल्या दिवशी वृत्तपत्रातून कळते.

धुऱ्यावरचा

माझे गाव मैदानापासून फार दूर नाही. शहरातील मंडळींना गावाची बाजू ठाऊक नसते म्हणून सविस्तर लिहितो.

सामन्याच्या दिवशी आमचे शेत म्हणजे वाहनतळ. वडिलांची अडीच एकर जमीन रस्त्यालगत आहे. सामना ऑक्टोबर-नोव्हेंबरात असला तर सोयाबीन निघालेले असते आणि शेत मोकळे असते. सकाळी ट्रॅक्टरने दोन फेऱ्या मारून ढेकळे दाबायची, धुऱ्यावरची (बांधावरची) काटेरी बोराटी एका बाजूने काढून वाट करायची आणि चुन्याने रेघा ओढायच्या. दुचाकीचे पन्नास आणि मोटारीचे दोनशे, असा भाव गावातच बसून ठरतो. त्या दिवशी मिळणारे पैसे रब्बीच्या बियाण्याला कामी येतात, हे मी कबूल करतो. माझी आजी तर पुढचा सामना कधी आहे हे आमच्यापेक्षा आधी विचारते.

फेब्रुवारीत मात्र हरभरा उभा असतो. ६ फेब्रुवारी २०२५ च्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्याला आम्ही शेत दिले नाही, तरी रात्री परतताना दोन-तीन गाड्या जवळची वाट म्हणून धुरा ओलांडून आत शिरल्या. घाटे भरत आलेले होते. चाकांच्या दोन पट्ट्या शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या होत्या. सकाळी वडील त्या पट्ट्यांवरून चालत गेले आणि काही न बोलता परत आले. भरपाई कोणाकडे मागायची? गाडीचा क्रमांक कोणी पाहिला नाही आणि आयोजकांचा आमच्याशी काही करार नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. फेब्रुवारी २०२३ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी गुरुवारी सुरू झाली. रविवारी खरी गर्दी होईल म्हणून माझ्या चुलतभावाने पोह्याच्या गाडीसाठी दोन पोती पोहे आणून ठेवले. अश्विन-जडेजाने शनिवारीच सामना संपवला. देशाचा विजय झाला, आणि आम्ही महिनाभर घरी पोहे खाल्ले.

सदरकर

धुऱ्यावरचे, शेवटचे वाक्य वाचून हसू आवरले नाही, पण हरभऱ्याचे वाचून वाईट वाटले. वाहनतळाची जागा अधिकृतपणे भाड्याने घेतली गेली, तर किमान नुकसानीची जबाबदारी कोणावर तरी येईल.

टेम्सकाठचा_वऱ्हाडी

मी २०१२ साली लंडनमध्ये शिकत होतो. तेथील ऑलिंपिक आणि आपला एक सामना यांची तुलना होऊ शकत नाही हे मान्य करूनच लिहितो. एक साधी गोष्ट मात्र मनात घर करून राहिली.

माझ्या मित्राला ॲथलेटिक्सचे तिकीट मिळाले होते. त्या तिकिटाबरोबर त्याच दिवसासाठी शहरातील रेल्वे, मेट्रो आणि बसचा पास दिलेला होता. म्हणजे गाडी काढावी की नाही हा विचार करण्यापूर्वीच प्रवासाचे पैसे भरलेले होते. २००६ च्या जर्मनीतील फुटबॉल विश्वचषकातही सामन्याचे तिकीट स्थानिक वाहतुकीत चालत असे. दुसरीकडे, लंडनमधील सुमारे ४८ किलोमीटर मार्गिका खेळाडू आणि अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या, त्याबद्दल टॅक्सीवाले आणि स्थानिक लोक फार चिडलेले होते. कार्यालयांना वेळा बदलण्याचे, शक्य असेल तर घरून काम करण्याचे आवाहन कित्येक महिने आधी सुरू झाले होते. ते इतके यशस्वी झाले की पहिल्या आठवड्यात शहराचा मध्यभाग रिकामा पडला आणि तेथील दुकानदार धंदा बुडाल्याची तक्रार करू लागले.

पॅरिसने २०२४ मध्ये याच्या उलट केले. ऑलिंपिकच्या काळात मेट्रोचे एकेरी तिकीट २.१५ युरोवरून ४ युरो केले. मासिक पास असलेल्या रहिवाशांना त्याची झळ बसली नाही, भार पडला तो पाहुण्यांवर. मला हा विचार आवडतो. यजमानाच्या घरी खर्च होणारच, पण तो कोणाच्या खिशातून जातो हे आधी ठरवलेले असावे.

तर्रीबाज

आता मुद्दा थोडा पटू लागला आहे. खर्चाचे निघालेच आहे तर एक आठवण करून देतो. राज्य शासनाने २०२३ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क कमी केले, तेही २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने, आणि त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. क्रिकेटचा चाहता असूनही मला तो निर्णय पचलेला नाही. ज्या खेळात इतका पैसा आहे, त्याच्या बंदोबस्ताचा भार करदात्यांवर का असावा?

मात्र मेट्रो हा सगळ्यावरचा उतारा आहे असेही समजू नये. ४ जून २०२५ रोजी बंगळूरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. ते मैदान मेट्रोला अगदी लागून आहे. गर्दी पोहोचवणे सोपे झाले की ती सामावून घेण्याची जागाही तितकीच मोठी लागते.

वर्धामार्गी

हे फार महत्त्वाचे आहे. याच संदर्भात काल रात्री बसून थोडा हिशेब केला, तो येथे मांडतो. चुका असतील तर दाखवाव्यात.

आपल्या मेट्रोची गाडी तीन डब्यांची आहे. दाटीने नऊशे प्रवासी धरले आणि दर दहा मिनिटांनी गाडी सोडली, तर खापरीहून तासाला ५,४०० लोक शहरात जातील. सामन्याच्या रात्री मेट्रोची वेळ वाढवली जाते, त्यामुळे दोन तासांत दहा हजारांहून अधिक लोक सहज निघून जाऊ शकतात. आता त्यांना जामठ्याहून खापरीपर्यंत आणायचे कसे? रस्ता मोकळा असेल तर बसची एक जाऊन-येऊन फेरी अर्ध्या तासात होते. चाळीस बस, प्रत्येकीत साठ लोक, तासाला दोन फेऱ्या, म्हणजे ४,८०० लोक. दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात.

घोडे अडते ते 'रस्ता मोकळा असेल तर' या शब्दांवर. 'आपली बस' या शहर बससेवेच्या गाड्या त्याच कोंडीत मोटारींच्या मागे उभ्या राहिल्या, तर दोन तासांत एकच फेरी होते आणि वाहतूक चौथ्या हिश्श्यावर येते. असे एकदा अनुभवलेला प्रेक्षक पुढच्या वेळी स्वतःची गाडी काढतो, त्याने कोंडी आणखी वाढते आणि बस आणखी हळू होते. म्हणून बसची संख्या वाढवण्यापेक्षा तिला सामना संपल्यानंतर दीड तास एक स्वतंत्र मार्गिका देणे अधिक गरजेचे आहे. मोटारी त्या वेळात वाहनतळावरच टप्प्याटप्प्याने रोखून सोडाव्यात. लोक कुरकुर करतील, पण रस्त्यावर इंजिन सुरू ठेवून उभे राहण्यापेक्षा वाहनतळावर चहा पीत थांबणे बरे.

पैशाचे म्हणाल तर तिकिटामागे ५० रुपये प्रवासाचे म्हणून घेतले, तरी ४५,००० तिकिटांचे साडेबावीस लाख रुपये होतात. बस आणि मेट्रोचा त्या रात्रीचा खर्च त्यातून भागावा असा माझा अंदाज आहे.

मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. ४३.८ किलोमीटरच्या त्या ६,७०८ कोटींच्या प्रकल्पात मिहानपासून बुटीबोरी औद्योगिक वसाहतीपर्यंतचा फाटा आहे. तो झाला की निम्मा प्रश्न सुटेल. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या उद्घाटनाच्या दिवशीच जवाहरलाल नेहरू मैदानाजवळची मेट्रो सुरू झाली. त्या स्पर्धेची बाकी शोभा सर्वांना ठाऊक आहे, पण ते स्थानक आज रोजच्या नोकरदारांच्या उपयोगी पडते. विमानतळाची मेट्रो मात्र स्पर्धा संपल्यावर, फेब्रुवारी २०११ मध्ये आली. आता अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्या आहेत, तेथे काय होते ते दिसेलच.

शुश्रूषा

एक मुद्दा कोणीच मांडलेला नाही. माझ्या सासूबाईंचे उपचार वर्धा मार्गावरील एका रुग्णालयात सुरू होते. केमोची तारीख महिनाभर आधी ठरलेली असते, आणि नेमका त्याच दिवशी सामना आला. सकाळी पोहोचण्यात अडचण आली नाही. सलाईन संपून निघायला रात्रीचे नऊ वाजले. मळमळ होत असलेल्या माणसाला घेऊन पावणेदोन तास गाडीत बसणे म्हणजे काय, हे लिहून सांगता येणार नाही. त्यांनी मांडीवर प्लास्टिकची पिशवी धरली होती आणि शेजारच्या गाडीतील मुले खिडकीतून तिरंगा हलवून आम्हालाही ओरडायला सांगत होती. त्या मुलांचा काही दोष नव्हता. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहून हातही हलवला.

रुग्णवाहिकेला लोक वाट देतात, हे मी त्या रात्रीही पाहिले. साध्या मोटारीतील रुग्णाला मात्र कोण ओळखणार? बसच्या मार्गिकेविषयी लिहिणार असाल, तर रुग्णालयाची त्या दिवसाची चिठ्ठी दाखवणाऱ्या गाडीलाही त्या मार्गिकेतून जाऊ द्यावे, एवढे निवेदनात कृपया घालावे.

वर्धामार्गी

ताई, अवश्य घालतो. बसच्या मार्गिकेच्या खालोखाल हाच मुद्दा राहील.

धुऱ्यावरचे भाऊ, उभ्या पिकाच्या काळात वाहनतळाच्या जागा आयोजकांनी लेखी कराराने घ्याव्यात आणि उरलेल्या शेतांच्या कडेला तात्पुरते अडथळे लावावेत, असे लिहितो. गावाचा ठराव जोडता आला तर वजन येईल.

पाळी_दुसरी ताई, वाहतूक वळवण्याची सूचना औद्योगिक वसाहतीला किमान आठ दिवस आधी मिळावी, म्हणजे पाळीची वेळ तासभर पुढे-मागे करता येईल, असा मुद्दा आपल्यासाठी घेतला आहे. त्यासाठी पाळी सुटण्याच्या नेमक्या वेळा आणि बसची संख्या मिळाली तर बरे होईल. मोघम लिहिलेले निवेदन फायलीत जाऊन पडते, हे मी चाकरीत असताना दुसऱ्या बाजूने पाहिले आहे.

धुऱ्यावरचा

ठरावाचे सरपंचांशी बोलतो. ते स्वतः वाहनतळ चालवतात, त्यामुळे दोन दिवस लागतील.

पाळी_दुसरी

काका, आमच्या कारखान्याचे देते, शेजारच्यांचे विचारून कळवते. दुसरी पाळी रात्री ११ ला सुटते, बस ११.१५ ला फाटकातून निघते आणि एरवी ११.३५ पर्यंत जामठा ओलांडते. आमच्या तीन बस आहेत, त्यांपैकी एक फक्त महिलांची. मागच्या सामन्याच्या रात्री त्या बसमध्ये आम्ही १९ जणी होतो आणि शेवटची मुलगी मानेवाड्याला उतरली तेव्हा १ वाजून ४० मिनिटे झाली होती.